केळीची कमान

आखाती देशांत जाणारा माल बंदरावर अडकला, म्हणून व्यापाऱ्यानं आधार आबांच्या केळीची कापणी पुढं ढकलली. आणि तेवढ्यात वादळ आलं. गिरणाकाठची अख्खी बाग एका दुपारी भुईसपाट झाली. गोठ्याच्या भिंतीआड तेवढी चार झाडं वाचली, तीही घडांच्या ओझ्यानं वाकलेली.

मंत्रीसाहेब पाहणीला येणार, मदतही जाहीर करणार, असा निरोप आला तसा आबांनी कोयता उचलला.

"बठ्ठी बाग आडी पडी गई, ह्या तरी ऱ्हाऊ द्या," त्यांची बायको कलाबाई कळवळून म्हणाली.

"मदत देवाले मोठा मानूस यी ऱ्हायना, त्याले केळीनी कमान नको का?"

आबांचंही खरंच होतं. लग्न असो की सत्यनारायण, केळीचे खांब उभे केल्याशिवाय या घरानं कधी कुणाला आत घेतलं नव्हतं. चारही झाडं घडांसकट मळ्याच्या तोंडाशी बांधली गेली.

साहेब गाडीतून उतरले, कमानीखाली थांबले. हार घेतला, फोटो झाले. आबा हात जोडून म्हणत होते, "साहेब, जरा आत चला, बाग पाहा."

साहेबांनी डोक्यावर लोंबणारा भरगच्च घड कौतुकानं चाचपला आणि शेजारच्या अधिकाऱ्याकडे वळले.


"इथं काहीच उरलं नाही म्हणत होता ना तुम्ही? चला, पुढचं गाव घ्या."