गच्चीच्या दारावरची पाटी

माझ्या सासऱ्यांची सारी हयात दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेली. झटका आला आणि उजवा हात रुसून बसला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी "असले पोरखेळ मला सांगू नका" म्हणत डाव्या हाताने खिडकीबाहेर भिरकावला.

मग मीच एक थाप मारली. "बाबा, सातव्या मजल्यावर मधमाश्या फिरकत नाहीत. आपल्या गच्चीवरचे भोपळे नुसतेच फुलतात. नर फुलातला पराग मादी फुलाला कुणीतरी ब्रशने लावायला हवा."

"म्हणजे मीच ना? आण तो बारीक ब्रश," ते कुरकुरले.

चार महिने रोज सकाळी सहाला ते गच्चीवर. पहिल्या दिवशी ब्रश सतरा वेळा उजव्या हातातून पडला. मधमाश्या ऊन चढल्यावर यायच्या, म्हणून सातच्या ठोक्याला मी त्यांना चहाच्या नावाखाली खाली आणायचे.

काल मला उशीर झाला. वर गेले तर एक मधमाशी त्यांच्या ब्रशवरच बसलेली.

"वाट चुकलेली दिसते," ते म्हणाले.

"चुकलीच असेल, बाबा," म्हणत मी नजर चुकवली.

आज सकाळी गच्चीच्या दारावर नवी पाटी लागलीय. एकही रेघ थरथरलेली नाही.

"कामाच्या वेळा. सहा ते सात : सासरे. सातनंतर : मधमाश्या. सुनेने दोघांच्याही कामात लुडबूड करू नये."