त्या सहीबद्दल

समाजशास्त्र विभागातल्या प्राध्यापक कुंदा रेगे यांनी नियम मोडून कानातलं यंत्र काढून ठेवलं, कारण आज तिथेच शिकवणाऱ्या इरावतीचा कॉलेजातला शेवटचा दिवस होता.

माणूस बाई की पुरुष हे जन्मानेच ठरतं, असा लेख कुंदाताईंनी लिहिला होता. मुलगा म्हणून जन्मलेल्या इरावतीने त्यावर तक्रार केली. मग तिला कामावरून काढा, या अर्जावर कुंदाताईंनीही सही केली. प्रकरण चिघळलं, तेव्हा प्राचार्यांनी सगळ्यांच्या कानांत ही यंत्रं बसवली. त्या वादाला शिवणारं कुठलंही वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात शिरताना गोड होऊन जायचं. त्यानंतर दोन वर्षांत विभागात कुणाचा आवाज चढला नव्हता.

इरावती कपाटातली पुस्तकं खोक्यात भरत होती.

"इरा, माझं मत आजही तेच आहे," कुंदाताई म्हणाल्या. "पण तुझ्या पोटावर पाय द्यायला नको होता मी. ती सही चुकलीच माझी."

"थँक्यू मॅडम. तुम्हीही तब्येतीला जपा."

कुंदाताईंनी तिच्या कानाकडे बोट दाखवून यंत्र काढण्याची खूण केली.

"कानातले ना? आईने दिलेत."

कुंदाताई तेच पुन्हा बोलल्या, ओरडून बोलल्या. इरावतीने वाकून नमस्कार केला. खोकं उचलताना, आपले शब्द यांच्यापर्यंत पोचणारच नाहीत अशा खात्रीने, ती हसत म्हणाली, "दोन वर्षं वाट बघितली, मॅडम. त्या सहीबद्दल एक शब्द तरी बोलाल असं वाटलं होतं."

ती जिना उतरू लागली. कुंदाताईंनी मागून हाक मारली. ती हाक तिच्या कानात काय होऊन पोचली कोण जाणे. इरावतीने वळून हात तेवढा हलवला.