जॅक रुतला

सासुरवाडीचा जवळचा रस्ता म्हणून धैर्यशीलने जीप नदीच्या कोरड्या पात्रात घातली. खालून दगड आपटला आणि सायलेन्सर लोंबकळू लागला. बायकोला बाजूला उभं करून, जॅक लावून तो तार घेऊन जीपखाली शिरला. तार ओढतानाच जॅक वाळूत रुतून कलंडला आणि जीप त्याच्या छातीवर टेकली.

"उज्ज्वला..." एवढाच आवाज आला.

तिने बंपर धरून जीव खाऊन वर ओढला. जीप हलली नाही. मोबाइलला रेंज नव्हती, हाकेला ओ द्यायला पात्रात चिटपाखरू नव्हतं. तिने वाकून पाहिलं, तर त्याचे ओठ काळेनिळे पडत होते.

"अहो, श्वास घ्या. थोडा थोडा घ्या."

"येत नाही गं."

गाडी आपल्याच्याने उचलवणार नाही, हे तिला कळलं. तिने जेवणाच्या डब्याचं झाकण घेतलं आणि त्याच्या पाठीखालची वाळू उकरायला लागली. वाळू परत परत घसरत होती, जीपही कुरकुरत खाली येत होती. तिची नखं तुटली, पण त्याची पाठ बोटभर खाली गेली आणि त्याने मोठा श्वास घेतला. काखेत हात घालून तिने त्याला बाहेर खेचलं. पाय सुटतात न सुटतात तोच जॅक निसटला आणि जीप धप्पकन त्या खड्ड्यावर बसली.

"राहू दे गाडी. चालत जाऊ," तो कसाबसा म्हणाला.

उज्ज्वला तिथेच वाळूत बसली आणि मोठ्याने रडायला लागली.