नववा मणी

भैरूआबांनी रुमालाची गाठ सोडली आणि नारिंगी पोवळ्यांची माळ आनंदराव सराफांच्या गादीवर ठेवली. नऊ मण्यांपैकी एक फुटला होता. त्याचे तुकडे त्यांनी कागदाच्या पुडीत जपून आणले होते.

"पायरीवर पडली," आबा म्हणाले. "एवढा एक मणी बदलून द्या, शेठ. बाकीचे बघा, तीस वर्सं झाली, आजून कालच्यावानी चकाकत्यात."

आनंदरावांनी भिंग डोळ्याला लावलं. खऱ्या पोवळ्याच्या अंगात केसासारख्या बारीक रेषा असतात. या तुकड्यांत एकही रेष नव्हती, उलट हवेचे बुडबुडे होते. उरलेले आठ मणी पाहिले, तेही तसेच. रंगीत काच होती सगळी.

"कुठं घेतली होती, आबा?"

आबांना तेवढंच पाहिजे होतं. "दौंडला यार्डात कोळसा भरायला व्हतो तवा. मद्रासच्या गाडीनं एक व्यापारी यायचा. दोन वर्सं चहा सोडला, बिडी सोडली, आन् हिच्यासाठी घेतली. पुढं हा पाय डब्याखाली सापडला आन् यार्ड सुटलं. हिच्या वरवंडच्या भावानं खर्च केला म्हणून पाय तरी ऱ्हायला."

गाडीतला व्यापारी! आनंदरावांना आणखी काही विचारायची गरज उरली नाही. सत्तरीच्या माणसाला आता कुठल्या तोंडानं सांगायचं, की दोन वर्षं चहा सोडून तुम्ही काच आणलीत?

आबांच्या बायको साळूबाई मघापासून भिंतीवरच्या फोटोकडे पाहत होत्या. फोटो आनंदरावांच्या वडिलांचा होता. "रंग जुळला म्हंजी झालं," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "कसलाबी घाला."

"कसलाबी कसा?" आबा उखडले. "खरं पोवळं पायजे. काय शेठ? ह्या दुकानात खोटं मिळत न्हाई, म्हणून तर मांडवगणवरनं एवढं शिरूरला आलो."

खोटं नव्हतं ते. 'काचेला या दुकानाचा उंबरा नाही,' असं वडील म्हणायचे, आणि त्या एका वाक्यावर घराची चूल दोन पिढ्या पेटली होती. आनंदरावांच्या दुकानात काचेचा मणी औषधालाही नव्हता. त्यांनी डबीतून एक अस्सल नारिंगी पोवळं निवडलं, इतरांसारखं घोटून ओवलं आणि फक्त मजुरी घेतली. घरी बायकोला सांगावं असं फार मनात आलं. पण गिऱ्हाइकाची गोष्ट दुकानाबाहेर न्यायची नाही, हाही वडिलांचाच नियम होता. त्यामुळे स्वतःचा चांगुलपणा त्यांना एकट्यालाच चाखत बसावं लागलं.

तो चांगुलपणा लोणच्यात बुडाला. कैऱ्यांचे दिवस सरले आणि ऐन बाजाराच्या दिवशी भैरूआबा लंगडत दुकानात शिरले. मागं साळूबाई खाली मान घालून उभ्या.

"हे बघा तुमचं खरं पोवळं!" आबांनी माळ गादीवर आपटली. "दोन बरण्या लोणचं घातलं हिनं, कैरीचे आंबट हात माळेला लागले, तर तुमचा मणी पांढराफटक पडला. माझे आठ बघा कसे हायेत!"

आठ मणी झगझगत होते. नववा खडूसारखा दिसत होता. खरं पोवळं आंबट सोसत नाही. काचेला काय, तिला आंबट आणि गोड सारखंच! हे एवढं सांगितलं असतं तरी आनंदराव सुटले असते. पण मग आबांचे आठही मणी गेले असते आणि त्यांच्याबरोबर ती दोन वर्षंही.

दुकानात पैंजण बघत बसलेल्या एका बाईनं पैंजण हळूच खाली ठेवले आणि ती चालू लागली.

"बापानं कमावलेलं नाव धुऊन टाकलंत की, शेठ!" आबा म्हणाले.

आनंदरावांचे कान तापले. एकदा त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण समोर आबांचे कोळशानं काळवंडलेले, आयुष्यभर काळेच राहिलेले हात माळेवरून फिरत होते.

"चूक झाली, आबा," ते म्हणाले. "माझ्या हातून खोटा मणी गेला. बदलून देतो."

आबा निवळले. तसे ते मनाचे मोठे होते. "माणूस चुकतो. पण वडलांकडं बघून तरी असं करू नका," असं बजावून ते एसटीत जागा धरायला पुढं गेले.

आनंदरावांनी समोरच्या कासाराकडून नारिंगी काचमणी आणला. ते तो ओवायला बसले. या दुकानाच्या हातानं पहिल्यांदाच काच ओवली जात होती. त्यांनी फोटोकडे बघायचं टाळलं.

माळ हातात घेऊनही साळूबाई निघाल्या नाहीत. त्यांचे डोळे भरले होते.

"काच हाय, हे तुमाला पयल्याच दिवशी कळलं व्हतं ना?"

आनंदराव दचकले. "मावशी, तुम्हाला माहीत होतं? त्या व्यापाऱ्यानं आबांना..."

"व्यापाऱ्यानं न्हाई फसवलं. ह्यांनी आणलेली माळ खरीच व्हती. हे पुण्याला दवाखान्यात पडले, पाय कापायचा म्हणत व्हते, तवा मी ती विकली. भावानं खर्च केला, असं ह्यांना सांगितलं."

"पण मग ही माळ?"

साळूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि भिंतीवरच्या फोटोला हात जोडले.

"हितंच बसून त्यांनी सोताच्या हातानं ओवून दिली. कुणाला सांगू नका म्हटलं, तर तुमालाबी बोलले न्हाईत."