लाल गाडीला थंडी वाजते

पुन्हा किल्ली फिरवली. दिवे लागले, काटे हलले आणि गाडी गप्प झाली.

गुलाम रसूलनं स्टिअरिंगवर हात टेकून दुआ पुटपुटली. उद्या सकाळी रामलिंग सर ही गाडी न्यायला येणार होते. लातूरचे क्लासवाले रामलिंग सर, ज्यांच्या पाट्या नांदेड स्टेशनापासून बिलोलीच्या स्टँडापर्यंत लागलेल्या. प्रत्येक पाटीवर हीच लाल स्पोर्ट्स कार. आत हार घातलेला टॉपर, मागून गाडी ढकलणारी पोरं, आणि वर लिहिलेलं, ‘आमची गाडी पेट्रोलवर नाही, मेहनतीवर चालते.’

वर्षातून एकदा, मिरवणुकीपुरती, गाडी ट्रकवर बसून लातूरला जायची आणि ताडपत्री पांघरून परत गुलाम रसूलच्या शेडमध्ये यायची. सरांनी भूकंप पाहिलेला, त्यांचा स्लॅबवर विश्वास नव्हता. पत्र्याचं शेड बघून खूष झाले होते. किल्ली देताना एवढंच बजावलं होतं, की हिला हात लावायचा नाही. गुलाम रसूल धूळसुद्धा लांबून फुंकर मारून उडवायचा.

पण यंदा घोटाळा झाला होता. राज्यात पहिला येईल त्याला गाडी बक्षीस, असं सर दरवर्षी जाहीर करायचे आणि दरवर्षी पहिला नंबर कुठंतरी दुसरीकडंच जायचा. यंदा बिलोलीकडच्या भुजंगरावांची शिवांगी खरोखरच पहिली आली. सरांनी सत्कार उन्हाळ्यातून पावसाळ्यात आणि पावसाळ्यातून थंडीत ढकलला. शेवटी भुजंगराव पेपरवाल्यांनाच घेऊन क्लासमध्ये जाऊन बसले.

आज सकाळी सरांचा फोन आला होता. आवाज आजारी माणसासारखा.

“थंडी लई आहे गुलामभाई. नाजूक जात आहे. चालू नाही झाली तर कुणाचाच दोष नाही.”

हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं, की फोन ठेवल्यावरही गुलाम रसूलला तेच ऐकू येत राहिलं. दोष कुणाच्या माथी मारायचा ते ठरल्याशिवाय मोठी माणसं असं बोलत नाहीत, हे त्याला माहीत होतं. म्हणून त्यानं ताडपत्री काढली आणि मेहुण्याला बोलावलं.

मेहुणा अबुजर टमटम चालवायचा. त्यानं टमटमची बॅटरी काढून गाडीच्या सीटखालच्या वायरींना जोडली. जुनं पेट्रोल उपसून ताजं भरलं. गुलाम रसूलच्या बायकोनं, हसीनानं, शेगडी पेटवून दिली आणि बॉनेटवर घरातली रजई घातली. बाळंतिणीसारखी गाडी शेकून काढली, तरी ती हूं की चूं करेना. शेवटी प्लग बघावेत म्हणून अबुजरनं बॉनेट उचललं.

आत एक स्टेपनी होती. बाकी काही नव्हतं.

गुलाम रसूलनं वाकून स्टेपनीच्या खालीही हात घालून बघितलं.

“घाबरू नका दुल्हेभाई,” अबुजर म्हणाला. “असल्या गाड्यांचं इंजिन मागं ऱ्हातं.”

गुलाम रसूलच्या जिवात जीव आला. दोघांनी मागचं झाकण उघडलं. तिथं लोंबणाऱ्या वायरी होत्या, गंजलेले बोल्ट होते, आणि मधल्या रिकाम्या जागेत उंदरांनी पोत्याचं घर केलं होतं.

“मधी तं सीटा हायत,” अबुजर जरा विचार करून म्हणाला.

शेडचं कुलूप गुलाम रसूलचं. किल्ली गुलाम रसूलच्या कमरेला. इंजिन गेलं कुठं, हे ठाण्यात कुणाला विचारणार होते ते त्याला स्पष्ट दिसत होतं. शेड, घर आणि स्वतःला विकलं असतं तरी या गाडीचा आरसा आला नसता. त्याचे दात वाजायला लागले. हसीनानं बॉनेटवरची रजई काढून त्याला पांघरली.

अबुजरनं वळून आपल्या टमटमकडं बघितलं.

“ही गाडी चालतीच कुठं?” तो म्हणाला. “पोरं ढकलतेत. ट्रकवर जाती. हिनं नुसतं बोललं पाहिजे. एकदा शेडच्या भाईर गेली की आपली जबाबदारी न्हाई.”

दिवस मावळेपर्यंत टमटमचं डिझेल इंजिन, टाकीसकट, लाल गाडीच्या पाठीत जाऊन बसलं. बोल्ट जुळले नाहीत ते तारेनं बांधले. किल्लीची वायर जोडली. सकाळी उजाडताच खालून निखारे लावले, पण चालू करून बघायची गुलाम रसूलची हिंमत झाली नाही.

सर आले ते मफलर गुंडाळूनच. मागं नवं उपरणं घेतलेले भुजंगराव, शिवांगी आणि कॅमेरेवाले. गुलाम रसूलला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त सरांच्या हातातली किल्ली दिसत होती.

सरांनी आधी छोटंसं भाषण केलं. परदेशी गाडी, मराठवाड्याची थंडी, यंत्राचा काय भरवसा, गाडी चालू झाली नाही तर शिवांगीला त्याऐवजी ट्रॉफी आणि शाल. भुजंगराव शांतपणे म्हणाले, “आधी किल्ली तं मारा.”

सर आरामात आत बसले. उत्तर आधीच माहीत असलेल्या माणसाचा चेहरा करून त्यांनी किल्ली फिरवली.

टक् टक् टक् टक्. गाडी सगळ्या अंगानं थरथरली, मागून काळा धूर सुटला, पत्रे खडखडले. टाळ्या पडल्या. भुजंगरावांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

सर दार उघडून बाहेर पडले आणि भूकंपात पळावं तसे मोकळ्या रानाकडं पळाले.

सगळं उघडकीला आलं असं समजून गुलाम रसूल हात जोडूनच त्यांच्या मागं धावला. बाभळीखाली सरांनी त्याचं मनगट गच्च धरलं. त्यांचा हात बर्फासारखा गार पडला होता.

“भंगारातून उचलली तेव्हापासून हिच्यात इंजिन नाहीच, गुलामभाई,” सर कुजबुजले. “मग आत कोण बोलायलंय?”