हात बसेपर्यंत

पन्नाशीत ऑफिसला लाथ मारून साहेब फरशी बसवायला शिकणार होते. बायको म्हणाली, "वर्ग निवडायला मी येते. तुम्हाला कोणीही गंडवतं."

पहिल्या संस्थेत फरशी आरशासारखी. साहेबांनी बोटाने ठकठक करून पाहिलं, कुठेही पोकळ आवाज नाही. बायको खूश. साहेबांनी विचारलं, "ही तुमच्या शिकणाऱ्यांनी बसवली?"

"छे! त्यांना हात लावू देतो होय? त्यांना आम्ही पडद्यावर दाखवतो. ही बाहेरच्या कारागिराने केली," टाय सावरत संचालक म्हणाले. लाज कशाशी खातात, ठाऊक नाही!

दुसरा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये. एक फरशी वर, एक खाली, मध्ये पाण्याचं डबकं. मास्तर म्हणाले, "शिकणाऱ्यांनीच बसवलीय. उखडायची, परत बसवायची. हात बसेपर्यंत हेच."

साहेबांनी तिथेच नाव घातलं. बायकोलाही पटलं. घरी येताना ती म्हणाली, "स्वतः केल्याशिवाय काही येत नाही, हेच खरं."

साहेबांना हुरूप आला. "मग पहिली फरशी आपल्याच बाथरूमची बसवतो!"



"छे! बाथरूमला हात लावू देते होय? तिथे बाहेरचा कारागीर येईल."