भिंतीपलीकडचा हालदार

"तुम्हीच विष घालताय!" श्यामकांतांनी मेलेला रोहू मासा शेपटीला धरून भिंतीवर आपटला. "हा पाचवा!"

भिंतीपलीकडे हालदारबाबू निवांत दात घासत होते. बाजारात त्यांचं पेंडीचं दुकान होतं. मासे पोसायला मोहरीची पेंड, नको ते मासे मारून तळं साफ करायला मोहाची.

"खात तर नाही तुम्ही मासे," ते म्हणाले. "मग मेले काय नि जगले काय!"

ते बरोबर वर्मी लागलं. कलकत्त्यातल्या डमडमच्या या घरामागचं चिमुकलं तळं म्हणजे श्यामकांतांचा जीव की प्राण. चुना कधी, पेंड किती, सगळं तोंडपाठ. या माशांपायी त्यांनी गार्डन रीचच्या बंदोबस्तातल्या वसाहतीतला रेल्वे क्वार्टर दोनदा नाकारला होता. पहिल्यांदा त्यांची बायको कालिंदी रडली, दुसऱ्यांदा भांडली. एकाहत्तर साल होतं, नक्षलवाद्यांच्या धामधुमीत गल्लीत बॉम्ब फुटत होते. कॉलेजात जाणारा त्यांचा जयप्रकाश कुणाबरोबर हिंडतो ते घरात सांगत नव्हता. हालदारांचा एकुलता एक मुलगा तर हिवाळ्यात गल्लीच्या तोंडाशीच गोळी लागून गेला होता.

"आपला पोरगा शहाणा आहे," श्यामकांत म्हणाले होते. "आणि माझे मासे कोण बघणार?"

त्यानंतर कालिंदीनं विषय काढला नाही. उलट तळ्याच्या कामाला हात लावू लागली. उशिरा का होईना, बायकोला अक्कल आली म्हणून श्यामकांत खूश झाले.

मासे मात्र मरतच राहिले. श्यामकांतांनी भिंतीवर काचा बसवल्या. कचेरीतून रजा काढली आणि भिंतीकडे डोळे लावून खुर्ची टाकली. हालदार दिसले की ते थुंकायचे. एकदा तर जिभेला हाडच राहिलं नाही.

"पोर गेलं तरी याची मस्ती जात नाही!"

हालदारांचा चेहरा पांढराफटक पडला. ते काहीतरी बोलणार होते. पण कालिंदीकडे पाहून आत निघून गेले.

"अहो, असं नका बोलू," कालिंदी म्हणाली.

आठवड्यानं मोठा कटला पोट वर करून तरंगला. श्यामकांत त्याला दादासाहेब म्हणत. ते काठावर बसून लहान मुलासारखे रडले.

"जिंकला तो हलकट," ते म्हणाले आणि त्याच संध्याकाळी क्वार्टरच्या अर्जावर सही केली.

ट्रक आला. जयप्रकाश फुरंगटून ट्रंकेवर बसला. रिकाम्या तळ्याला शेवटचं बघावं म्हणून श्यामकांत मागे गेले, तर कालिंदी भिंतीपाशी उभी. काचांवरून ती हालदारांच्या हातात घडी घातलेलं रिकामं पोतं देत होती.

"मोहाची पेंड बरोबर पुरली, दादा."

हालदारांनी पोतं दोन्ही हातांनी घेतलं. "आता थांबू नका, वहिनी. पोराला घेऊन जा."